तुमच्यावर सोपवतो

नागासे गावात मिनेगुची सोडून दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली, तर शेजारी बोलणं टाकत नसत, पण बोलत ते हवापाण्यापुरतंच. कारण अर्धं गाव मिनेगुचीचं मीठ खात होतं. आधी कंपनीने मच्छीमारांच्या होड्यांचे पंप केले, युद्धानंतर तीन चाकांचा मालट्रक, मग चिमुकली चारचाकी, आणि देशात पैसा उतू जात होता त्या दिवसांत युनागी नावाची ऐटदार मोटार. युनागी म्हणजे मिनेगुचीची लाडकी लेक. पुढे कंपनी बुडता बुडता वाचली, परदेशी भागीदार आले नि गेले, युनागीही बंद झाली. तरी रस्त्यात एखादी जुनी युनागी दिसली की गावातले म्हातारे अजून थांबून पाहतात.

इवाओ ओगुशीची युनागी अशीच थांबून पाहण्यासारखी होती. इवाओ आता एकोणऐंशी वर्षांचा. कारखान्यात चाळीस वर्षं तो शेवटच्या तपासणीवर होता. पांढरे हातमोजे घालून दारावरून, टपावरून तळहात फिरवायचा आणि रंगाखाली अडकलेला धुळीचा कण शोधून गाडी परत पाठवायचा. रंगखात्यातले लोक त्याच्या नावाने बोटं मोडायचे. हाताखालच्यांना तो एकच गोष्ट शिकवायचा: "गिऱ्हाईक जेव्हा 'तुमच्यावर सोपवतो' म्हणतं ना, तेव्हा झोप उडाली पाहिजे आपली. काय राहिलं ते त्याने सांगायचं नसतं, आपण शोधायचं असतं."

स्वतःची युनागी त्याने हेइसेई सम्राटाच्या राजवटीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे १९८९ साली घेतली. स्वतःच तपासून, स्वतःच पास करून. तेव्हा त्याची मुलगी चिनात्सु नऊ वर्षांची होती. मागच्या सीटवर बसून ती पाय हलवायची आणि तिच्या बुटांचे ठोसे पुढच्या सीटच्या पाठीवर बसायचे. इवाओ ओरडायचा, त्याची बायको तोमिए हसायची. दोन वर्षांनी हिवाळ्यात चिनात्सुला ताप आला, तो मेंदूत गेला आणि आठ दिवसांत पोर गेली. सीटच्या पाठीवरचे बुटांचे डाग तेवढे राहिले. गिऱ्हाइकाच्या गाडीवरचा केसाएवढा ओरखडा ज्याला खपत नसे, त्या माणसाने ते डाग तेहतीस वर्षं पुसले नाहीत.

तोमिएचं डोकं चार वर्षांपूर्वी फिरत गेलं. म्हणजे वेड नव्हे. आठवणी गळायला लागल्या. गॅस चालू राहू लागला, मग ती रस्ता विसरली, मग नवऱ्याला. आता ती डोंगरावरच्या शुश्रूषागृहात असते. इवाओ बुधवारी आणि रविवारी जातो. खोलीत गेला की ती अदबीने वाकून म्हणते, "मीटर बघायला आलात का? मीटर बाहेर आहे बरं." सुरुवातीला त्याने समजावून पाहिलं. मग एकदा वैतागून खरंच बाहेर जाऊन मीटर बघून आला.

पण गाडीत बसली की तोमिए परत यायची. हा शोध अपघातानेच लागला. एकदा तिला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. ती पुढच्या सीटवर बसली, दार लागलं, आणि म्हणाली, "अहो, हीटर लावा ना, पाय गारठले माझे." इवाओ स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. तेव्हापासून ते दर खेपेला आवारातच गाडीत बसायचे, कुठे जायचे नाहीत. तोमिए हात मागे नेऊन आपल्याच सीटच्या पाठीवरचे डाग चाचपायची. "गेली ना हो आपली पोर," ती म्हणायची. "गेली," तो म्हणायचा. मग थोडा वेळ दोघं रडायची, मग संत्रं सोलून अर्धं अर्धं खायची. ती शेजाऱ्यांच्या चुगल्या सांगायची, त्यातले निम्मे शेजारी मेलेले. पाऊण तास जायचा. ह्या पाऊण तासासाठी इवाओ उरलेला आठवडा काढायचा.

आणि वसंतात गाडीच जायची वेळ आली. दर दोन वर्षांच्या सरकारी तपासणीआधी तो गाडी दाखवायला घेऊन गेला. मेकॅनिकने ती वर उचलली, टॉर्च मारला आणि मान हलवली.

"ओगुशीसान, खालचा पत्रा पापड झालाय. बोट लावलं तर आत जातंय."

"ठिगळ लाव."

"ठिगळ लावायला धड पत्रा तर हवा. ब्रेकच्या नळ्याही गेल्यात, आणि त्या आता बनत नाहीत. यंदा पास होणार नाही ही." मग तो हळूच म्हणाला, "आता ह्या वयात लायसन परत देऊन टाकावं माणसाने. बसचे पास मिळतात त्याच्यावर."

बसमध्ये तोमिएला कुठे बसवू, असं इवाओच्या ओठांवर आलं होतं. पण हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. घरचं दुखणं चारचौघांत मांडायचं नाही, ही त्याच्या पिढीची रीत.

त्याच आठवड्यात कुवाबारा घरी आला. हा एके काळी इवाओच्या हाताखाली उमेदवारी करणारा पोरगा, आता केस पिकलेला विभागप्रमुख. येताना गोड भाताच्या वड्यांचा खोका घेऊन आला आणि उंबऱ्यातच कमरेत वाकला.

"मास्तर, कंपनीला नव्वद वर्षं होतायत. दहा जुन्या गाड्या निवडून कारखान्यात नव्यासारख्या करून द्यायचं ठरलंय, सगळा खर्च कंपनीचा. मी तुमची युनागी सुचवली. नाही म्हणू नका."

"माझ्या डबड्यासाठी कशाला त्रास? दुसऱ्या कुणाची घ्या."

"पत्रा नवा ठोकू. नळ्या हाताने बनवू. जुनी ड्रॉइंगं काढलीत कपाटातून. पोरांचे हात नुसते शिवशिवतायत."

इवाओने तीनदा नको म्हटलं, कारण तीनदा म्हणायचं असतं, आणि चौथ्यांदा होकार दिला. कुवाबाराने एक फॉर्म पुढे केला. त्यात शेवटी एक चौकट होती: कोणता भाग जसा आहे तसाच ठेवायचा आहे?

इवाओ पेन हातात धरून बसला. सीट, असं लिहायचं होतं. पण सीट म्हटलं की का, ते सांगणं आलं. त्या डागांची गोष्ट आली, चिनात्सु आली, डोंगरावरची तोमिए आली. शिवाय फुकट काम करून देणाऱ्याला अटी घालायच्या? आणि कुवाबारा तर समोर गुडघे टेकून बसलेला, ज्याला त्याने स्वतः कामाला लावलं. सीटवरचे डाग कोण कशाला काढतंय, पत्रा बदलायचाय त्यांना, असंही त्याच्या मनाने घेतलं. त्याने चौकटीत सुबक अक्षरांत लिहिलं: 'तुमच्यावर सोपवतो.'

कुवाबाराने ते वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्या शब्दांचा अर्थ त्याला कुणी शिकवला होता हे इवाओला त्या क्षणी आठवायला हवं होतं. नाही आठवलं. आपलंच शिकवणं आपल्यालाच लागू पडेल, हे माणसाच्या मनातही येत नाही.

सात महिने गाडी कारखान्यात राहिली. इवाओ बसने जायचा आणि मीटरवाला म्हणून चहा पिऊन यायचा. "तुमच्या घरी कोण कोण असतं?" तोमिए विचारायची. तो म्हणायचा, "बायको आहे." "सांभाळा हो तिला," ती म्हणायची. गाडी येऊ दे, एवढंच तो मनाशी म्हणत राहिला.

नोव्हेंबरात गाडी आली. कारखान्याच्या दारात फीत, फुलं, टाळ्या, ओळीने उभी राहिलेली तरुण पोरं. युनागी अशी चमकत होती की इवाओला तिच्यात आपलं तोंड दिसलं, आणि ते फार म्हातारं होतं. प्रसिद्धी विभागातली मिझुसावा नावाची मुलगी कॅमेरावाल्याला घेऊन इकडून तिकडे धावत होती.

"ओगुशीसान, दार उघडा ना! आतलं बघा!"

त्याने दार उघडलं. नव्या गाडीचा वास आला. सीटचं कापड जुन्या नमुन्यावरून मुद्दाम विणून घेतलं होतं, तोच निळा रंग, तोच बारीक चौकडा. पुढच्या सीटची पाठ कोरी करकरीत होती.

"फार डाग होते मास्तर," कुवाबारा अभिमानाने म्हणाला. "धुऊन जाईनात. शेवटी आतल्या स्पंजासकट बदललं. तुम्ही सोपवलंत म्हटल्यावर आम्ही एक स्क्रू सोडला नाही. बघा, काही राहिलं नाही ना?"

इवाओचा तळहात सवयीने सीटच्या पाठीवरून फिरला. त्या हाताला आयुष्यात काही ना काही सापडत आलं होतं.

"काही राहिलं नाही," तो म्हणाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग तो कमरेत वाकला, आणि वाकलेलाच राहिला, कारण वर आल्यावर चेहऱ्याचं काय करायचं ते त्याला कळेना. रागवावं तर कुणावर? ज्यांच्यावर रागवायचं ते सगळे रात्रंदिवस त्याच्यासाठी खपले होते.

मिझुसावाला कुणीतरी सांगितलं होतं की बायको डोंगरावर असते. तिथेही कॅमेरा आला. परिचारिकेने तोमिएला हाताला धरून आणलं. इवाओला मीटरवाला समजून ती अदबीने वाकली. मग ती गाडीत बसली आणि दार लागलं. इवाओचे कान तिच्या तोंडाकडे लागले होते. ती हीटरचं काही बोलली नाही. तिने खोल श्वास घेतला, सीटवर हात फिरवला, आणि तिचा चेहरा उजळत गेला.

"अहो! आली पण गाडी?" ती टाळी वाजवून हसली. "मला वाटलं संध्याकाळी आणणार! काय छान वास येतोय!"

बाहेर मिझुसावा रुमालाने डोळे पुसत होती. कॅमेरावाल्याने अंगठा वर केला. एवढं सुंदर त्यांना वर्षभरात काही मिळालं नव्हतं.

"किती वाजले?" तोमिए म्हणाली. "चला ना, चिनात्सुची शाळा सुटेल आता. फाटकापाशीच उभी करू. तिला सांगायचं नाही हं काही, आपोआप ओळखते का बघू."

"तोमिए," इवाओ म्हणाला.

"काय?"

तो चेहरा त्याने तेहतीस वर्षांत पाहिला नव्हता. त्याने गाडी सुरू केली.

पुढच्या रविवारी त्याने मन घट्ट केलं आणि गाडीतच तिला सांगितलं. आपली चिनात्सु गेली, तोमिए. हिवाळ्यात, तापाने. पूर्वी ती हे स्वतः सांगायची, आणि ते दोघांचं जुनं दुःख असायचं. आता तिने ते पहिल्यांदा ऐकलं. ती जी ओरडली, ती तेहतीस वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ओरडली होती तशीच. धावत आलेल्या परिचारिकेला ती विचारत राहिली, "सकाळी तर शाळेत गेली ना? सकाळी डबा दिला मी तिला." इंजेक्शन द्यावं लागलं. आणि बुधवारी ती गाडीत बसली, खोल श्वास घेतला आणि टाळी वाजवून हसली: "अहो! आली पण गाडी?"

त्यानंतर इवाओने सांगितलं नाही. नवऱ्याला ती ओळखते, पूर्वीपेक्षा चांगलं ओळखते. त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणही तिला दिसतं. पण तिच्याबरोबर रडायची आता सोय नाही. गाडीत आता पोर मेलेली आहे ती एकट्या इवाओपुरती.

कंपनीची ती फिल्म खूप गाजली. लोक त्याला दुकानात थांबवून सांगतात, डोळ्यांत पाणी आलं हो. तो आभार मानतो. गाडी सरकारी तपासणीत अव्वल पास झाली आणि मेकॅनिक म्हणाला, "ओगुशीसान, आता तुमच्यामाझ्यापेक्षा ही जास्त टिकेल."

बुधवारी आणि रविवारी दुपारी निळी युनागी डोंगर उतरून जुन्या शाळेच्या फाटकापाशी उभी राहते. गावात मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा आठ वर्षांपूर्वी बंद झाली. मैदानात कमरेइतकं गवत आहे. तोमिए काच खाली करून बघत राहते. संत्रं सोलते, त्याचे तीन भाग करते आणि एक रुमालात बांधून ठेवते.

"आज उशीर झाला नाही?" ती म्हणते.

"झाला खरा."

"वर्ग झाडायची पाळी असेल तिची."

"असेल," इवाओ म्हणतो, आणि इंजिन बंद करतो.