शेवटचं प्यादं

मित्रांनो, माझं नाव सांगितलं तरी तुमच्यापैकी बहुतेकांना मी आठवणार नाही. मी एक जुना मोडेम आहे. चपटी काळी पेटी, पुढच्या बाजूला ओळीने लाल दिवे आणि मागे दोन वायरी, एक टेलिफोनची आणि एक कॉम्प्युटरची. कॉम्प्युटरला जे म्हणायचं असे, ते मी शिट्ट्यांमध्ये बदलायचो आणि तारेवरून पाठवायचो. पलीकडून शिट्ट्या आल्या की त्यांची पुन्हा अक्षरं करायचो. सगळा निरोप दुसऱ्यांचा, माझा स्वतःचा एक शब्दही नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती एस.टी.ची. सुप्रियाताईंनी मला पुण्याहून मांडीवर धरून भिगवणला आणलं. स्टेशनच्या वाटेवर त्यांचा एसटीडी बूथ होता. त्या बारामतीला कॉम्प्युटर शिकल्या होत्या. मासळीचे व्यापारी ई-मेल करायला रांग लावतील, असं त्यांना वाटलं होतं. १९९८ साल होतं ते. रांग फोनलाच लागायची. व्यापारी मला बघायचे, "ह्यो काय रेडू हाय का?" विचारायचे आणि फोन उचलून पुण्याचा भाव घ्यायचे.

मी गप्प बसून असायचो. जगाशी बोलण्यासाठी माझी घडण झाली होती, आणि दिवसचे दिवस माझ्यावर फक्त धूळ

खर्रर्र. लाईन तुटली.

असं माझं नेहमी व्हायचं, मित्रांनो. बोलता बोलता तार सुटायची. आता सांगतानाही तसंच होईल, सांभाळून घ्या. मी परत नंबर लावतो.

तर, बिरूतात्या.

तात्या मेंढपाळ होते. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरायचे, पाऊस तोंडावर आला की परतायचे. परतताना लासुर्ण्याला सर्जेरावांच्या रानात मेंढरं बसवायचे. मेंढरांच्या लेंड्यांचं रानाला खत व्हायचं आणि तात्यांना धान्य मिळायचं. दिवस मावळला की बांधावर दोघांचा बुद्धिबळाचा डाव पडायचा. सुप्रियाताई म्हणजे याच सर्जेरावांची नात. लहानपणी त्या शेजारी बसून मेलेली प्यादी गोळा करायच्या.

पुढे तात्यांची मेंढरं विकली गेली. मग सर्जेराव वारले. तात्या भिगवणला मुलाकडे राहायला आले. सोबत कापडी पट आणि लाकडी सोंगट्यांची पिशवी होती. ते पट अंथरायचे, दोन्ही बाजूंची फौज मांडायचे आणि नुसते बसून राहायचे.

"एकटंच खेळा की तात्या, दोन्ही बाजूंनी," कुणीतरी म्हणालं.

"एकट्यानं काय खेळायचं? दुसऱ्याच्या मनात काय हाय ते आदीच कळतंय."

एका रविवारी दुपारी ताईंनी त्यांना माझ्यासमोर आणून बसवलं. इंटरनेटसाठी मला पुण्याचा नंबर लावावा लागायचा. रविवारी त्या फोनचा दर निम्मा असायचा आणि मासळीचा लिलाव सकाळीच उरकायचा, म्हणून बूथ रिकामा होता. मी शिट्टी मारली.

"आरं, ह्याला चावलं का काय?" तात्या दचकले.

"न्हाय तात्या, गडी शोधतोय तुमच्यासाठी."

इंटरनेटवर जगभरचे लोक बुद्धिबळ खेळायचे, तिथे गडी मिळाला. आर्ने त्याचं नाव, गाव नॉर्वेत. ताईंनी सांगितलं, तिथं आत्ता बर्फ पडतोय.

"पाव्हणं थंडीत बसलंय म्हणायचं," तात्या म्हणाले. तेव्हापासून आर्ने म्हणजे पाव्हणं.

तात्या मांडीवरच्या पटावर चाल करायचे, ताई ती माऊसने पडद्यावर करायच्या आणि मी ती समुद्रापार न्यायचो. तात्यांचा खेळ देशी होता. आमचं मशीन मधूनच टुंग करून चाल परत करायचं. राजाने एकदा घोड्यासारखी उडी मारली तर टुंग.

"आमच्या लासुर्ण्याला चालतं की!"

"हितं न्हाय चालत, तात्या."

"मग ह्येंचा राजा पळतो कसा?"

कित्येक डाव माझ्यातून गेले. शाळेत तुम्हाला मिळतं तसं प्रगतिपुस्तक तात्यांना कुणी दिलं नाही. मी देतो.

गुण. धीर. मेंढरं रस्ता ओलांडतात तशी त्यांची प्यादी एकमेकांना धरून चालतात, एकही मागे राहत नाही. घोडा फार चांगला. हरले तर रागवत नाहीत, फक्त नाक शिंकरतात.

सुधारणेस वाव. घड्याळ! पडद्यावर वेळ पळत असते आणि तात्या तंबाखू मळत असतात. प्यादं एकेकच घर सरकवतात, पहिल्या चालीला दोन घरं जाता येतं हे त्यांना पटतच नाही. किल्लेकोट करत नाहीत, राजा उघड्यावर ठेवतात. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे जिंकत आलेला डाव घालवतात. समोरच्याचं एकच प्यादं उरलं की ते मारायचं सोडून त्याच्या अवतीभवती हत्ती फिरवत

खर्रर्र.

परत लागलो. तीच गोष्ट सांगायची आहे.

देशी डावात, मित्रांनो, समोरचा राजा अगदी एकटा उरला, त्याच्याजवळ एक प्यादंही राहिलं नाही, की बुर्जी होते. डाव बरोबरीत संपतो, कुणीच जिंकत नाही. म्हणून जिंकायचं असेल तर समोरच्याचं शेवटचं प्यादं जपून ठेवायचं आणि ते असतानाच मात करायची. हे फार अवघड असतं. कधी तेच प्यादं पुढे सरकून वजीर होतं आणि जपणाराच हरतो. तात्या असेच हरायचे. ताईही हेच बघत मोठ्या झाल्या होत्या. साऱ्या जगात असंच खेळतात, असं दोघांनाही वाटायचं. यावर मशीन टुंग करत नव्हतं, कारण ती चाल चुकीची नव्हतीच.

एका रविवारी तात्या चढावर होते. पाहुण्यांचा राजा, एक प्यादं, बस्स. तात्यांचा हत्ती त्या प्याद्याच्या शेजारून जायचा, परत यायचा. तेवढ्यात पलीकडून अक्षरं आली. ताईंनी ती दोनदा वाचली.

"काय म्हणत्यात पाव्हणं?"

"म्हणत्यात... प्यादं घ्यायचं तर घ्या. म्हाताऱ्या माणसाची अशी चेष्टा करू नका. मला वाटलं होतं, तुम्ही माझे मित्र आहात."

तात्यांच्या हातातला हत्ती हातातच राहिला.

"चेष्टा? म्या?"

"तात्या, तिकडं बुर्जी नसंल."

"बुर्जी न्हाय? मग उघड्या राजाला मारत्यात व्हय? एकट्याला?"

"मारत असत्याल."

"सांग त्येला. आत्ताच्या आत्ता सांग. गडी जाईल, पोरी."

ताई भरभर लिहू लागल्या. पहिली ओळ मी पोचवली: आमच्याकडे राजा एकटा उरला तर बुर्जी होते, कुणीच जिंकत नाही. दुसरी ओळ त्या लिहीतच होत्या. म्हणून तात्या शेवटचं प्यादं मारत नाहीत, राग मानू

खर्रर्र.

बाहेरच्या टेबलावर मोहनरावांनी माझ्याच तारेवरचा फोन उचलला होता. मासळीचे व्यापारी, स्वभावाने चांगला माणूस.

"हॅलो? सुप्रिया, ह्यात नुसती शिट्टी वाजतीया!"

"काका, ठेवा! ठेवा म्हणते ना!"

"आता काय झालं? एकच तर फोन करायचा व्हता."

मी पुन्हा पुन्हा नंबर लावला. लाईन लागली तेव्हा पाहुणे निघून गेले होते.

पुढच्या रविवारी तात्या धुतलेला पटका बांधून आले. पाहुणे नव्हते. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हते. दुसरे कितीतरी खेळाडू होते. ताई म्हणायच्या, "ह्येच्याशी खेळा की." तात्या मान हलवायचे. "न्हाय. तो काय समजून गेला आसंल? मेंढरामागं आख्खी जिंदगी गेली, पर कुणाची चेष्टा न्हाय क्येली." मग पट गुंडाळून ते उजनीच्या पाण्याकडे निघून जायचे. ते गेले की माझे दिवे विझायचे. त्या दिवसांत मला प्रथमच वाटलं, निरोप नेणाऱ्यालाही स्वतःचे चार शब्द असायला हवे होते.

आणि मग १९९९च्या दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी, तात्या माझ्यासमोर बसलेले असतानाच, अक्षरं आली. नमस्कार नाही, चौकशी नाही, फक्त डावाचं आमंत्रण. आर्ने.

ताईंनी ती अर्धी राहिलेली दुसरी ओळ लिहायला घेतली. तात्यांनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. आदी खेळू."

तात्या वाईट खेळले. एकेक सोंगटी गेली आणि राजाजवळ एकच प्यादं उरलं, कडेचं. पाहुण्यांचा हत्ती त्याच्या समोर आला. एका चालीत संपलं असतं.

हत्ती बाजूने निघून गेला.

तात्या पडद्याकडे वाकले. पुन्हा संधी आली आणि पुन्हा हत्ती प्याद्याला वळसा घालून गेला. पाहुणे तात्यांच्या राजाला कोपऱ्यात रेटत होते. प्याद्याला मात्र धक्का लावत नव्हते. खूप चालींनंतर मात झाली. ते प्यादं जागच्या जागी उभं होतं.

"हरलो गं!" तात्या एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरचे मोहनराव फोनला हात लावता लावता थांबले. "माजं शेवटचं प्यादं ठिवलं बघ त्यानं. कळलं त्येला. एका ओळीत कळलं!"

पुढच्या रविवारी तात्यांची खुर्ची रिकामी होती. मधल्या आठवड्यातच, झोपेत, ते गेले होते. पाहुण्यांचा प्रश्न मात्र वेळेवर आला: आहात का? तो मीच आणला. ताईंना उत्तर लिहायला फार वेळ लागला. मोहनराव फोनपाशी बसून होते, रिसीव्हरवर हात ठेवून, कुणी उचलू नये म्हणून. उत्तर पूर्ण गेलं. मग पलीकडून एकच शब्द आला: बुर्जी.

त्यानंतर माझ्याहून वेगवान मोडेम आले, मग बूथच बंद झाला. भंगारवाल्याने फोन नेले, कॉम्प्युटर नेला, पाटी नेली. मला उचललं तेव्हा ताई म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे." आता मी फळीवर आहे, शेजारी सोंगट्यांची पिशवी. माझ्या वायरी कुठेच जोडलेल्या नाहीत. इथे कुणी बोलत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी घर आवराल. जुनं बरंच काढून टाकाल, ते टाकायलाच हवं. फक्त सगळंच काढू नका. कुणाचंतरी एक प्यादं पटावर राहू द्या, कारण त्याच्यामागे राजा एकटा उभा अस