साबणाच्या वासाचा ठोकळा

आमच्या घरी जेवताना गटाराचा विषय निघतोच, त्याला इलाज नाही. माझी आई शहराच्या ड्रेनेज लाइनची तपासनीस आहे. दुसऱ्या आया कुकरचं झाकण काढतात तितक्या सहज ती लोखंडी आकड्याने मॅनहोलचं झाकण उचलते. पूर्वी मी मैत्रिणींना ‘आई ऑफिसात असते’ एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे. पण यंदा मी पोहायला शिकले. पायाखाली जमीन नसताना तरंगता आलं की माणूस मग कशालाच लाजत नाही, हा माझा स्वतःचा शोध आहे. आता मी सगळ्यांना ठणकावून सांगते, आई गटारं तपासते.

मला शिकवलं ते बदकाने. बदक म्हणजे माझी मैत्रीण. पाण्यात तिला बघितलंत तर नाव का पडलं ते विचारणार नाही. ती उताराच्या गल्लीत राहते. ही गल्ली जिथे संपते तिथेच तळं सुरू होतं. त्याच तळ्यात शाळाशाळांची शर्यत व्हायची होती आणि आमच्या संघात बदक होती, आणि चक्क मी. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी यादीत माझं नाव गैरहजेरीसाठी नव्हतं.

तर ठोकळा. मॅनहोलच्या आत, वाहत्या पाण्याच्या जरा वर, एक कट्टा असतो. आई त्यावर लाकडाचा एक छोटा पिवळा ठोकळा ठेवते. लाइन तुंबून पाणी चढलं की ठोकळा तरंगतो आणि हलतो. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की कळतं, काल पाणी कुठवर आलं होतं. रंगवलेली बाजू ती नेहमी भिंतीकडे करून ठेवते. का, ते मी विचारलं तर म्हणाली, ठेवणाऱ्याला आपला हात ओळखता आला पाहिजे.

उताराच्या गल्लीतल्या शेवटच्या मॅनहोलचा ठोकळा एक दिवस आईने घरी आणला आणि माझ्या नाकाखाली धरला.

मी डोळे मिटून श्वास रोखला. हळूच सोडला. मग पुन्हा घेतला, कारण माझा विश्वास बसेना. ठोकळ्याला साबणाचा वास येत होता. अंगाच्या साबणाचा, गुलाबी वडीचा.

आई म्हणाली की तो होता जागेवरच, पण रंगवलेली बाजू वर, देव्हाऱ्यात मांडावा तसा नीट. गटाराच्या आत. झाकण बंद, रस्ता कोरडा, आणि कोणालाच काही माहीत नाही. तिने नवा ठोकळा ठेवला. तोही न्हाऊनमाखून बसलेला सापडला.

आईचे साहेब हसले म्हणे. नियम आईला पाठ आहे आणि आता मलाही: सांडपाणी बाहेर आलं, मग ते बादलीभर का असेना आणि आपोआप का थांबलं असेना, एका दिवसाच्या आत वर कळवायचं. किती आलं, का आलं, कुठे गेलं, सगळं. जवळ तळं-नदी असेल तर आधी तिथे पाटी लावायची, लोकांना पाण्यात उतरू द्यायचं नाही. रस्ता धुतला तर धुतलेलं पाणीसुद्धा परत गटारातच ओढायचं. पण साहेबांचं म्हणणं, बाहेर आलेलं पाणी कोणी बघितलंय का? साबणाच्या वासाचा अहवाल पाठवला तर वरचे आपल्यालाच धुऊन काढतील.

“कुठंतरी पाणी मुरतंय,” आई मला म्हणाली. मी हसले. ती हसली नाही.

मला हसू येत होतं ते भीतीमुळे, हे मला नंतर कळलं. कारण बदकाच्या कानात कितीतरी दिवस कापसाचा बोळा होता. संघातल्या धाकट्या मुलीचं पोट बिघडून ती शाळेत येत नव्हती. आणि मला हेही कळत होतं की पाणी तळ्यात जात असेल तर पाटी लागेल, आणि पाटी लागली की शर्यत गेली.

म्हणून मीच बघायचं ठरवलं. काही नाही असं बघायचं आणि निवांत पोहायचं, असा माझा बेत होता.

शाळा लवकर सुटली होती. टळटळीत दुपार. उताराच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंची दारं बंद, खिडक्यांचे पडदे ओढलेले. मी एका ओट्याच्या सावलीत बसले. गल्ली इतकी स्वच्छ होती की पायातल्या चपलांची मला लाज वाटली. फरशीच्या फटीतसुद्धा माती नव्हती.

आधी आवाज आला. कोणीतरी खूप खोलवर घोट गिळत असल्यासारखा. मग एकेका घराच्या मोरीतून तोच आवाज, खालच्या घरापासून वरच्या घरापर्यंत, जणू एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मग झाकण हललं. जडशीळ लोखंडी झाकण ताटलीसारखं थरथरलं, एका बाजूने उचललं गेलं, आणि त्याच्याखालून काळं पाणी आलं. घाई नाही, गडबड नाही. वाट पाठ असल्यासारखं ते उताराने तळ्याकडे निघालं. ठोकळा त्यावर डुलत डुलत बाहेर आला.

मी ओरडणार होते. पण तेवढ्यात दारं उघडली. सगळी, एकदम.

प्रत्येक दारातून एकेक माणूस आलं, हातात बादली आणि खराटा. आजोबा, काकू, कडेवर बाळ घेतलेली एक वहिनी. कोणी कोणाशी बोललं नाही, कोणी कोणाकडे बघितलं नाही. पाणी ओसरेपर्यंत ते भिंतीला टेकून थांबले. मग वरून सुरुवात केली. बादली, खराटा, बादली, खराटा, सगळ्यांचा एकच ताल. घाण तळ्याकडे, फेस तळ्याकडे. एका आजोबांनी पायाने झाकण बाजूला सरकवलं. एका काकूंनी ठोकळा उचलला, साडीच्या ओच्यातून गुलाबी वडी काढली, ठोकळा हळुवार घासला, पुसला आणि आत वाकून जागेवर ठेवला. इतक्या मायेने ठेवला की माझ्या अंगावर काटा आला. यांना घाण बघवतच नव्हती. गटारातला ठोकळासुद्धा मळलेला बघवत नव्हता. तळं तेवढं चालत होतं.

मग ताल थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. पाहुणी आलीय, आता तिला कुठे बसवायचं, असं.

बदक पुढे आली. तिच्याही हातात खराटा होता. तिने तो माझ्या हातात दिला आणि माझी बोटं एकेक करून दांड्याभोवती मिटली.

“खालचा तुकडा तुझा,” ती म्हणाली. “कोणाला सांगायचं नसतं. पूर्वी एकदा सांगितलं होतं कोणीतरी. पाटी लागली, तळं बंद पडलं, आमच्या गल्लीत माणूस फिरकेना.”

“तू त्याच पाण्यात पोहतेस ना गं?”

“तळं मोठं आहे.” मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं, “शर्यत झाली की बघू.”

अळीमिळी गुपचिळी. किती सोपं होतं. खरं सांगते, मी खराटा एकदा फिरवला. छान वाटलं. सगळ्यांचा ताल माझ्या हातात आला, आणि फेस चकाकत तळ्याकडे गेला, जिथे मी तरंगायला शिकले होते. मी परत खराटा उचलला आणि मान वर केली तेव्हा बदकाच्या कानातला कापूस दिसला. तो पिवळा पडला होता आणि ओला होता.

मी खराटा भिंतीला उभा केला आणि आईला फोन लावला.

मला कोणी अडवलं नाही. ते धूत राहिले. आई पोचली तोवर गल्ली कोरडी ठणठणीत होती, दारं बंद. पण या वेळी बघणारं कोणीतरी होतं. आईने मला तिथेच उभं करून सगळं विचारलं. किती, कुठून, कुठे गेलं. बोलताना माझा आवाज प्रत्येक बंद दारावर आपटून परत येत होता. संध्याकाळी तळ्यावर पाटी लागली: पाणी दूषित आहे, उतरू नये. शर्यत रद्द झाली. लाइन खोदायला माणसं येणार असं ठरलं. बदकाने शाळेत बाक बदलला.

सकाळी मी पाटी बघायला गेले. पाटी कोरी होती. ओली, स्वच्छ, आणि साबणाचा वास.

आईने रंगाचा डबा माझ्याकडे दिला, कारण पाटी माझ्या शाळेच्या वाटेवर आहे. मी लिहायचे, सकाळी ती धुतलेली असायची. परत लिहायचे. माझं अक्षर सुधारलं, हा त्यातला एकमेव फायदा.

काल गेले तर तळ्यात कोणीतरी होतं. एकटंच, मध्यावर. पाण्याचा आवाज न करता पोहणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे. कोऱ्या पाटीखाली तिचं दप्तर होतं. हाका मारून ती येणार नाही हे मला ठाऊक होतं. मग मी लिहायला लागले आणि लिहिता लिहिता एकेक शब्द मोठ्याने वाचायला लागले. पाणी. दूषित. आहे.

ती थांबली. फक्त डोकं वर, वाटोळं, काळं. कानातला कापूस दिसत नव्हता. मी परत पहिल्यापासून वाचलं, आणखी मोठ्याने. ती काठाला आली, निथळत माझ्याशेजारी उभी राहिली. दातांवर दात आपटत होते तिचे.

“या कानाने ऐकू येत नाही गं,” ती म्हणाली. “या बाजूला ये आणि वाच.”

मी दुसऱ्या बाजूला गेले आणि वाचलं. तिने माझ्या हातातला ब्रश घेतला आणि ‘उतरू नये’ तिने लिहिलं.

आमच्या मागे, वर गल्लीत, एक दार उघडल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग सगळी. बादल्यांच्या कड्या वाजल्या. मी वळले नाही, तीही वळली नाही. रंग वाळायला वेळ लागतो. आम्ही पाटीच्या दोन बाजूंना, दोघी, उभ्या राहिलो.