न झिजणारी हाडं

वाटीतल्या कोमट तेलात एक मुंगी तरंगत होती, अजून पाय हलवत, आणि मृणालीला वाटलं, ही बाहेर निघेपर्यंत तरी मालिश करणाऱ्या नीराबाईंचे हात थांबतील. पण नीराबाईंनी बोटाच्या टोकाने मुंगी उचलून न्हाणीच्या भिंतीला पुसली, पाय लांब केले — “दे गो पोराला” — गणराज जन्मल्यापासून रोज सकाळी म्हणतात तसं.

तिने दिलं. कसं दिलं? काल मुंबईत डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, मालिश बंद, आजपासून, हाड मोडेल. तिचा नवरा प्रणय पहाटेच ट्रेलर घेऊन बंदरावर निघून गेला. जाताना म्हणाला, आईला तूच सांग, तुझी आत्या आहे ती... आणि मृणाली मात्र सकाळपासून दूध तापवतेय, लंगोट वाळत घालतेय.

“कशी घट हाडां हायत बग,” नीराबाई मांडी चाचपत म्हणाल्या. “याच्या बापसाचा नाक मीच सरल केलाय. नायतर पोरगी कोन देनार होता?”

“म्हनून तर भावाचीच आनली,” आत्या दारातून म्हणाली. “आन् हाडां माज्या बापाची. नारलावरशी परला, तरी चालत घरा आला.”

दोघी हसल्या. मृणालीही हसली बहुतेक. कालच्या एक्स-रेमध्ये गणराजची हाडं पांढरीशुभ्र होती, आत मज्जेची काळसर पोकळी कुठेच नाही. कॉलेजात हाडाची आकृती तिनेही काढली होती. झीज म्हणजे म्हातारपण, एवढंच परीक्षेपुरतं. काल कळलं, हाड रोज खावं लागतं. रक्ताच्याच कुळातल्या छोट्या पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी पेशी होते, ती हाडाला चिकटते, आम्ल सोडून जुनं हाड विरघळवते, मग तिथे नवं बांधलं जातं. गणराजच्या अंगात त्या तयार होतात, चिकटतातही — आणि नुसत्या बसून राहतात. हाड साचत जातं, दगडासारखं, आणि दगडासारखंच तडकतं. मज्जेला जागा उरत नाही, म्हणून रक्त कमी. डोळ्याची नस जिथून जाते ते भोक रुंदावत नाही, म्हणून... म्हणून तो माझ्याकडे बघत नाही. मी समजत होते, लाजतो. दुसऱ्या कुणाची मज्जा जुळली तर या पेशी नव्याने येतील; गेलेली नजर येईलच असं नाही. लग्न नात्यातलं का, असं डॉक्टरांनी किती सहज विचारलं होतं.

नीराबाईंनी उजवा हात आणि डावा पाय धरला. आता आडवा ताण. बाळ कण्हलं, की तेलाने हात निसटला, कळलं नाही — मृणालीने त्याला मांडीवरून उचललं होतं.

“का गो?” आत्या म्हणाली.

“मालिश बंद करायला सांगितलंय. हाड मोडेल त्याचं. आजार आहे, आत्या.”

“घट हाड कदी मोरतं?” नीराबाई तेलकट हात तसेच धरून बसल्या.

आत्याने बाळाकडे पाहिलं. “कुनाकरशी आला?”

“दोघांकडून.” दोघांच्या एकाच आजोबांचं नाव घ्यायची गरज पडली नाही. आत्याने दाराची चौकट धरली.

खोलीत आल्यावर मृणालीची कंबर ठणकली. दूध पाजताना आईचं हाड थोडं झिजतं, नंतर भरून येतं, असं ऐकल्यापासून ती या दुखण्याला घाबरत होती. आज मात्र तिने त्याच्याकडे कान लावल्यासारखं लक्ष दिलं — माझ्यात चाललंय ते, माझ्यात त्या पेशी हाड खातायत. रोज तीट लावताना ती म्हणायची, याला कशाची झळ लागू देऊ नको. आज ओठ हलले आणि थांबले. काहीतरी याच्या आत शिरो, हळूहळू कुरतडो, पोखरो... हे आईने मागायचं, आणि कोणत्या शब्दांत? गणराजचे डोळे तिच्या कानाजवळून पलीकडे गेले होते, आणि ती स्वतःला थोडी थोडी सरकवत होती, जिथे ते टेकतील तिथे.