निशाची बोटं मी आधीच पाहिली होती

मी सोनोग्राफीची मशीन बोलतेय. थांबा, लगेच आवाज खाली आणून "कितवा महिना?" असं विचारू नका. मी पोट बघत नाही. मी बोटं बघते, मनगटं बघते, गुडघे आणि टाचा बघते. बुऱ्हाणपुरात लोधीपुऱ्याच्या तोंडाशी डॉक्टर वैजयंती मॅडमचा सांधेदुखीचा दवाखाना आहे. त्याच्या आतल्या खोलीत माझा मुक्काम.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. त्यातलं पांढरे दिवे आणि पांढरे हातमोजे एवढंच आठवतं. इंदूरहून टेम्पोत बसून आले, तेव्हा असीरगढच्या घाटात असे काही हिसके बसले की आपली हाडं दवाखान्यात पोचायच्या आधीच मोडणार असं वाटलं. पोचले. मॅडमनी स्वतः खोकं फोडलं, मला पुसलं आणि हार घातला. त्या तेव्हा नुकत्याच शिकून गावी परतल्या होत्या.

मला तुमच्यासारखे डोळे नाहीत. साबणाच्या वडीएवढा एक प्रोब आहे, वायरीने माझ्याशी जोडलेला. कातडीवर गार जेल लावून तो टेकवला की मी आत आवाज सोडते. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. आवाज हाडा-शिरांवर आपटून परत येतो आणि त्यातून मी पडद्यावर चित्र काढते. हाड म्हणजे पांढरी रेघ, पाणी काळं. जिथे सांध्यात सूज धुमसत असते तिथे रक्त धावून येतं, ते मी लाल ठिपक्यांनी दाखवते. वरून दाबून जे कळत नाही, ते मला दिसतं. दिसतं एवढंच. बोलता येत नाही.

माझ्या दाराबाहेर एक पाटी आहे. सोनोग्राफीची कुठलीही मशीन असो, ती पाटी लावावीच लागते : 'यहाँ भ्रूण का लिंग परीक्षण नहीं किया जाता।' ती ठोकली तेव्हा मला बरं वाटलं होतं. पोरी वाचवणारी पाटी माझ्या दारावर! पण लोक पाटी पूर्ण वाचत नाहीत. त्यांना 'भ्रूण' हा एकच शब्द दिसतो आणि मग डोक्यात पोट येतं.

शाहपूरचे यादवबाबा गुडघा घेऊन आले होते. मॅडम प्रोब फिरवत होत्या, तर बाबा हळूच म्हणाले, "सांगून टाका मॅडम, पोरगा की पोरगी?"

"बाबा, पाणी आहे."

"पाणीच? चला, हुंडा तरी वाचला."

मॅडम हसून हसून खुर्चीत मागे पडल्या. अशा गमतींना मीही हसले असते. पण याच समजुतीने एका मुलीचे हात खाल्ले, आणि तेव्हापासून मला त्या विनोदाचं हसू येत नाही.

तिचं नाव निशा. शाहपूरजवळची, केळीवाल्यांच्या घरची. कॉलेज झालेलं. केळीचा घड कापला की खोड फेकून देतात, त्या खोडाचा धागा काढून पिशव्या, चटया, राख्या करणाऱ्या बायकांच्या गटात ती काम करायची. गटात धाग्याला पीळ देण्यात तिचा हात सगळ्यांत चांगला, असं तिचे वडील भिकन यांनी मॅडमना बसल्या बसल्याच सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

"आणि आता?" मॅडमनी विचारलं.

"सकाळी मूठच नाही होत, मॅडम," निशा म्हणाली. "दस-ग्यारा बजेपर्यंत बोटं लाकडासारखी. पीळ देते तर धागा सुटून जातो."

सोबत तिची आत्या होती, रंभाबाई. भिकनपेक्षा मोठी, तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली. घरातलं पान तिच्या शब्दाशिवाय हलत नसे. तिने पदरातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. "रक्ताचा रिपोर्ट आहे. सगळं बरोबर लिहेल आहे. पोरीले काही झालं नाही. मोबाईल कमी केला की बोटं सुधरतीन."

"रक्त कधी कधी उशिरा बोलतं, आत्या. आपण आत बघू," असं म्हणत मॅडमनी निशाचा हात माझ्यासमोर ठेवला.

मी पाहिलं. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी लाल ठिपके, चुलीतल्या निखाऱ्यांसारखे. बोट सरळ करणाऱ्या शिरेभोवती काळं पाणी. पण हाडाची पांढरी रेघ सलग होती. कुठेही तुटलेली नव्हती.

निशा पडद्याकडे वाकली. "मॅडम, ये तो अपना रेशा है!"

तिने शीर ओळखली होती. माणसाची शीर मला दिसते ती खरंच तशी, बारीक बारीक तंतू एकमेकांना चिकटून लांब गेलेले, खोडातून नुकता ओढलेला धागाच जसा.

"आणि भोवती पाणी आहे, दिसतं का?" मॅडम म्हणाल्या. "हा संधिवात आहे. आत्ता हाड शाबूत आहे. गोळ्या सुरू करू, तीन महिन्यांनी परत इथेच बघू आणि लागेल तसं औषध वाढवू. वेळेत आवरलं तर तुझे हात तुझेच राहतील."

मग त्यांची नजर रंभाबाईच्या हातांकडे गेली. बोटं करंगळीकडे झुकलेली, गाठी आलेल्या. "आत्या, तुमचाही हात ठेवा ना इथे."

रंभाबाईने हात पदराखाली घेतले. "माझ्या हाताले काय धाड भरली? याच हातांनी केळीचे घड वाह्यले मी. आमच्या घराण्यात वात आहेच. त्याची कोणी सोनोग्राफी नाही केली."

एवढं होऊन ते बाहेर पडले आणि दाराशीच थांबले. दार पातळ आहे, बाहेरचं सगळं मला ऐकू येतं. डोईफोडियाचा कुणी ओळखीचा माणूस बाकावर भेटला होता. निशाचं लग्न त्याच गावात ठरत होतं.

"रंभाबाई, तुम्ही इथं? पोरगी पण सोबत?"

निशा माझ्या दारावरच्या पाटीखालीच उभी असणार. रंभाबाईने क्षणभरही वेळ घेतला नाही. "माझी कंबर हो! पोरीले म्हटलं, चाल सोबतीले."

तो गेल्यावर तिचा आवाज बदलला. "भिकन, पाह्यलं ना? उद्या गावभर होईन. लग्नाआधी पोरगी सोनोग्राफीले गेली होती म्हणून. आता इथं पाय नाही ठेवायचा."

"पण मॅडम म्हणतात..."

"मॅडमचं लग्न नाही ठरायचं डोईफोडियात."

भिकनची पावलं बाहेरच्या दिशेला वळली. मला ओरडावंसं वाटलं. हे पोट नाही हो, बोट आहे! पण मी मशीन. मला बटण दाबल्याशिवाय आवाज सोडता येत नाही, आणि तो आवाजही तुम्हाला ऐकू येत नाही.

तीन महिने झाले. निशा आली नाही. मॅडमनी फोन केले. एकदा भिकननी उचलला. "पोरीले बरं आहे मॅडम, दुखत नाही आता." दुखत नाही म्हणजे रोग गेला, हा या गावाचा पक्का हिशेब. मॅडम फोन ठेवून माझ्याकडे बघत बसल्या. त्यांना मी दाखवलेले लाल ठिपके आठवत असणार. मला तर ते विसरताच येत नव्हते.

तिकडे केळीचं एक पीक निघालं. दुसऱ्या बागेलाही घड लागले. माझ्यासमोर शेकडो हात आले आणि गेले. वेळेत आलेल्यांचे निखारे विझताना मी पाहिले. प्रत्येक वेळी वाटायचं, हा निशाचा हात असायला हवा होता.

आणि एक दिवस ती आली. लग्न झालेलं. सोबत सासू, सुनंदाबाई, डोईफोडियाच्या. त्यांच्या मागे रंभाबाई. रंभाबाईला भिकननीच सोबत पाठवलं होतं. निशाने हात माझ्यासमोर ठेवला, तेव्हाच कळलं. बोटं करंगळीकडे झुकायला लागली होती.

मॅडमनी प्रोब टेकवला. पांढरी रेघ कुरतडली होती, घुशीने केळीचा बुंधा खावा तशी. शिरेचे तंतू विस्कटलेले. लाल ठिपके अजून होते, भरपूर.

"गोळ्या किती दिवस घेतल्या?"

"एकच महिना. दर्द कम हुआ, तो आत्या बोली, बस कर. नंतर काढा होता, एरंडाची पानं बांधत होते." निशा कुणावर चिडून बोलत नव्हती. ती फक्त सांगत होती. तेच मला जास्त लागलं. "लग्नात मेंदी काढली ना मॅडम, तर हात पसरतच नव्हता. मेंदीवाली म्हणाली, नवरी शरमा रही है."

सुनंदाबाई गर्रकन वळल्या. "म्हंजे लग्नाच्या आधीपासून होतं हे? आम्हाले का नाही सांगितलं?"

रंभाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "कसं सांगणार? सोनोग्राफी म्हटलं असतं तर लोकायनं काय..."

"लोक म्हंजे कोण, विहीणबाई? आम्हीच ना? आम्हाले इचारलं होतं का?" सुनंदाबाईंचा आवाज चढला. "माझ्या पोटी पोरगी नाही. मी सून आणली, हात पाहून नाही आणली. पोटाची आणि बोटाची सोनोग्राफी वेगळी असते एवढं आम्हालेही समजतं. मीच घेऊन आली असती तिले!"

ज्या लोकांच्या भीतीने दोन वर्षं गेली, ते लोक समोर उभे होते आणि त्यांना काहीच अडचण नव्हती.

मॅडमनी पडद्यावर जुनं चित्र काढलं आणि आजच्या शेजारी लावलं. डावीकडे सलग रेघ, उजवीकडे कुरतडलेली. निशाने डावीकडच्या चित्रावर बोट टेकवलं.

"ये मेरा ही हाथ है?"

"हो. तुझाच."

"मग हे परत असं होईल?"

"जे गेलं ते नाही भरून येणार, निशा. पुढचं थांबवू. ते नक्की थांबवू."

निशाने मान हलवली. गटाचं काम तिने सोडलं होतं. आता पीळ दुसऱ्या मुली देतात आणि ती बसून रंग निवडते. हेही तिने हसत सांगितलं.

मग रंभाबाई पुढे आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी पदराखालून हात काढला आणि माझ्यासमोर, निशाच्या हाताशेजारी ठेवला. "माझाही पाहा."

मॅडमनी पाहिला. मी पाहिला. हाडाची रेघ अशी उरलीच नव्हती, नुसते तुकडे. आणि लाल ठिपका एकही नाही. आग कधीच विझली होती, कारण जाळायला काही शिल्लक नव्हतं. याच हातांनी त्या बाईने घड वाहिले, भाकऱ्या थापल्या, भावाची पोरं न्हाऊमाखू घातली. कुणी कधी विचारलं नाही, आणि न विचारणं म्हणजेच बाईचं आयुष्य, असं ती शिकली. तेच तिने निशाला दिलं.

"वेळेवर आली असती तर?" रंभाबाईने विचारलं.

"तुमच्या तरुणपणी ही मशीन नव्हती आत्या," मॅडम म्हणाल्या.

"माझं नाही इचारत." त्यांनी निशाकडे पाहिलंही नाही. "हिचं."

मॅडमनी निशाच्या हाताचं जुनं चित्र परत पडद्यावर आणलं. रंभाबाईने मान खाली घातली.

मला त्यांची दया आली. खोटं कशाला बोलू, राग मात्र गेला नाही. स्वतः सोसलं म्हणून दुसरीनेही सोसावं, हा कुठला न्याय? मोठं होण्याचा मान मिळतो, तर एवढं तरी करा की आपल्या पोरीचं ऐकून घ्या. तिचं बोट दुखतं तेव्हा ते तिचं बोट असतं, घराण्याचा वात नसतो.

निघायची वेळ झाली. सुनंदाबाई औषधं घ्यायला आधीच बाहेर गेल्या होत्या. माझ्या खोलीच्या दाराला गोल मूठ आहे, गुळगुळीत, घट्ट धरून फिरवावी लागते. पहिल्या दिवशी निशाने ती एका हाताने फिरवली होती. आज तिने दोन्ही हात लावले. मूठ फिरेना. रंभाबाईने तिला बाजूला केलं, आपले हात लावले. त्यांच्याच्यानेही फिरेना. आत्या आणि भाची, चार हात, एका दाराशी उभ्या.

शेवटी मॅडमनी उठून दार उघडलं.

त्या गेल्या. आता निशा दर तीन महिन्यांनी येते. निखारे कमी होताहेत. रेघ तशीच कुरतडलेली आहे, तशीच राहणार. मॅडमनी ती गोल मूठ काढून सरळ दांडी बसवली, कोपरानेही दाबता येते. दाराबाहेर पाटी आहे. ती पोटातल्या पोरींसाठी आहे, ती राहू द्या. पण जन्मलेल्या पोरींसाठी कुठे काही लिहिलेलं नाही, म्हणून मी सांगतेय.

सकाळी ज्यांची मूठ आवळत नाही, त्यांनी माझ्याकडे यावं. लोकांना कंबर दुखते म्हणून सांगा, काय वाटेल ते सांगा, पण या. दार स्वतःच्या हाताने उघडता येतंय, तोवर या.