रुबिएलाकाकूंचा हिरवा झगा

शिलाई मशीनची बॉबिन टेबलावरून पडली आणि टणटणत दारापर्यंत गेली. दुपारच्या सामसूम घरात तेवढाच आवाज. आत माझी लेक सालोमे जागी झाली की काय म्हणून मी कानोसा घेतला. मग बॉबिन उचलायला वाकले, तर उंबऱ्यापलीकडे दोन बूट दिसले.

टायरवाले फानोरकाका. कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. दोन्ही हातांवर हिरवा झगा, झोपलेलं मूल धरावं तसा. कुठेतरी उसाचा फड पेटवला होता. त्याची काळी राख आमच्या पाल्मिरा गावावर उतरत होती, त्यांच्या खांद्यांवरही.

"रुबिएला गेली, लेइडी. सकाळीच."

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी झगा पुढे केला. "हा घालायचाय तिला. पण आता अंगावर राहणार नाही. तू आतून भर घालून दे. पहिल्यासारखी दिसू दे."

माझा धंदाच तो. स्पंजाचे थर लावलेल्या चड्ड्या शिवते मी, कमरेखाली भरलेपण आणणाऱ्या. आमच्याकडचे पुरुष कुणाकडे वळून बघतात, हे मुलींना फार लवकर कळतं. बाळंतपणानंतर वाळले, तेव्हा मीही स्वतःसाठी एक शिवली होती.

रुबिएलाकाकूंना कधी गरज पडली नव्हती. त्या डबा घेऊन काकांच्या टायरच्या दुकानाकडे निघाल्या की काका ओरडायचे, "रस्ता रुंद करा रे! माझी बायको येतेय!" आणि काकू कंबर आणखी डुलवत म्हणायच्या, "डोळे टायरावर ठेव, म्हाताऱ्या!"

मग आजार आला आणि त्या माझ्या मागच्या दाराने येऊ लागल्या. "भर घाल पोरी. त्याला कळता कामा नये. काय बघून त्यानं मला घरात आणलं, अख्ख्या गल्लीला माहितेय." दर खेपेला माझा स्पंज जाड होत गेला. बाईच तेवढी कमी होत होती.

सालोमेला कडेवर घेऊन मी काकांच्या घरी गेले. खोलीत काकू पलंगावर होत्या. चादरीखाली काही आहे असं वाटतच नव्हतं. उशाशी त्यांची बहीण, ग्रासिएला. माझ्या हातातला स्पंज पाहून ती उसळली.

"लाज नाही वाटत, फानोर? जन्मभर तिच्या कमरेचे गोडवे गायलास. आता शवपेटीतपण तुला मांसच बघायचंय?"

ग्रासिएला पाय आपटत कॉफी करायला गेली.

सालोमेला कडेवरून उतरवून मी मापाची टेप लावली. गार कातडीवरून ती सरकत राहिली, कुठे थांबेचना. ग्रासिएलाचं काय चुकलं, असं मनात आलंच.

"मला माहीत होतं," काका एकदम म्हणाले.

"काय काका?"

"रात्री जवळ घ्यायचो ना, हाताला स्पंज लागायचा. ऊबच नसायची त्याला." त्यांनी नाक पुसलं. "काही बोललो नाही. ती एवढ्या आशेनं विचारायची, फानोर, अजून आहे ना मी तशीच? मी म्हणायचो, रस्ता रुंद करायला लागतोय बाई. आता सगळी गल्ली येईल बघायला. तिनं एवढं झाकलं, ते मी उघडं टाकू?"

मी सुईत दोरा ओवला.

भर घालून झगा काकूंच्या अंगावर चढवला, बटणं लावली. मांडीपाशी घडी नीट करताना माझा हात आत स्पंजात रुतला. काढून घेतला, तर ती जागा हळूहळू वर आली. आत कुणी श्वास घेतल्यासारखी. मी मागे सरकले. काका मात्र वाकले, तिथेच हात ठेवला, आणि पुन्हा ती वर यायची वाट बघत राहिले.

ग्रासिएला कप घेऊन दारात आली आणि थबकली. पलंगावर तिची जुनी बहीण होती, डबा घेऊन निघायच्या बेतात. तिने कप खाली ठेवले, जवळ आली आणि बाहीची चुणी सरळ केली.

खिडकीतून राखेचा एक तुकडा येऊन हिरव्या कापडावर बसला. सालोमेने तो चिमटीत उचलला. काकू आजारी असताना तिला मीच सांगत असे, आजी पुन्हा गुबगुबीत झाली की समजायचं, बरी झाली.

तिने माझा झगा ओढला.

"आई, झाली की गं आजी गुबगुबीत. मग उठत का नाही?"