दाखल्यावरचं साल

भूपेश सरांनी शाळेचा दाखला तिसऱ्यांदा उलटून पाहिला, तशी सगुणाबाई उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बेलवलीच्या त्या मैदानावर सकाळपासून तिचा पाय ठरत नव्हता. बसायची, उठायची, पदर खोचायची, पुन्हा सोडायची.

डोंगराकडच्या ठाकरवाडीतल्या पोरांना सर दोन वर्षं पळायला शिकवत होते. आज निवड होती. चौदाच्या आतल्या तीन मुलींना क्रीडा वसतिगृह. तिथेच शाळा, तिथेच जेवण. वाडीजवळची शाळा आठवीपर्यंतच होती आणि पुढे पोरींना सोयरीक तेवढी उरायची. सगुणाबाईची नात उन्नती सगळ्यांत वेगवान. अडचण नव्हतीच काही.

"आजी, हिला चौदा पूर्ण झालीत. एक जूनलाच."

"आमची आख्खी वाडी एक जूनला जल्मली. हिचा बाप, हिचा चुलता, मी पन. त्या साळंच्या मास्तराला इचारा, एवढ्या बायका एकाच दिशी कशा बाळंत झाल्या."

रांगेतली माणसं हसली. सरही हसले.

"तारीख मास्तरांनी टाकली असेल. पण साल कोणी सांगितलं?"

साल सगुणाबाईनेच सांगितलं होतं. तेव्हा ती आणि सून रानभाज्या विकायला बदलापूरला जायच्या. चार वर्षांचं पोर कुणाकडे ठेवायचं? शाळेत खिचडी मिळायची. मास्तर नाही म्हणाले, तर तिने त्यांना तोंडाने असं झोडपलं, की त्यांनी मुकाट्याने सहा वर्षं लिहिली. ही गोष्ट तिने वाडीत आठ वर्षं मिरवली होती. एकदा बोललेला शब्द तिने आजवर कुणापुढे मागे घेतला नव्हता.

तिने रांगेकडे पाहिलं. मग मोठ्यानेच म्हणाली, "मी खोटं सांगलं. पोरगी दोन वर्सानं ल्हान हाय. लिवा तसं, अंगठा देते."

सरांना ते पटलं होतं. पण पोर घरीच जन्मलेलं, नोंद कुठे नाही; दाखला बदलायला महिने जाणार आणि यादी आजच पाठवायची होती. ते हे सगळं हळू आवाजात सांगत राहिले. उन्नती मध्येच म्हणाली,

"आजे, म्हंजे मी बारा वर्साची हाय?"



उन्नती मोठ्या मुलींच्या गटात पळाली. त्यात वसतिगृहाची जागा नव्हती, नुसतंच पळायचं. तिच्याहून डोकाभर उंच पोरींत ती चौथी आली.

घरी निघताना तिने नेहमीसारखी आजीची पिशवी उचलली, भाजीचं ओझं पेलायची सवय असलेल्या खांद्यावर टाकली. सगुणाबाईने ती काढून घेतली. पोरीने ओढली, तर हात झटकला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुला झेपायची नाय अजून."

आणि पोरीचं बोट धरून चालू लागली.