शंभरातली ब्याण्णव

"वाच वं पूनम. काय लिवलं त्या मुडद्यानं?"

नातीनं सहीसाठी आलेल्या पंचनाम्याच्या कागदावर बोट ठेवलं. "आजी, इंग्रजीत आहे. एक्झॅजरेटेड."

"म्हंजे?"

"म्हंजे... फुगवून सांगतलेलं. आहे त्याच्याहून जास्त."

सोजराबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. साऱ्या गावानं 'कपाशी गेली' असं मोघम लिहून दिलं होतं. तिनं एकटीनं ओळीओळीतून शंभर बोंडं ओटीत तोडून आणली, एकेक फोडून पाहिलं आणि मोजून आकडा दिला, ब्याण्णवांत गुलाबी अळी. आणि पंचनाम्याला आलेले वामनराव साहेब? बुटाला चिखल लागेल म्हणून शेताच्या कडेला धुऱ्यावरच उभे राहिले, हिरवीगार बोंडं पाहिली आणि लिहून मोकळे झाले. अळी आत बसून खाते, बोंड वरून नवरीसारखं नटलेलं असतं, एवढंही त्यांना ठाऊक नसावं! सत्तर वर्षांत तिला कोणी खोटी म्हटलं नव्हतं. आणि कागद संध्याकाळी तालुक्याला जाणार होता.

पूनमला घेऊन ती तडक शेतात गेली, पुन्हा शंभर बोंडं तोडली आणि चावडीत साहेबांच्या टेबलावर तो कागद ठेवून ओटी रिकामी केली.

"फोडा. तुमच्या हातानं."

"मावशी, एवढा वेळ कुठं आहे?"

"लिवाले होता ना? मंग फोडाले काऊन नाही?"

माणसं जमली. वामनराव साहेब नाइलाजानं बोंडं फोडू लागले. शेवटी नव्वद किडकी निघाली. साहेबांचा चेहरा खुलला. "बघा! दोन जास्त सांगितली होती तुम्ही."

मागं गर्दीतला पंजाबराव फिदकन हसला.

"दात काढू नको बे!" सोजराबाई कडाडली. "ते शंभर येगळे, हे येगळे. नव्वद लिवा साहेब, मले चालते." तिनं सोबत आणलेली बियाण्याची रिकामी पिशवी पुढं आपटली. "पूनम, हे वाच."

"बोंडअळीपासून शंभर टक्के मुक्ती."

"दोन बोंडांचा फरक, तरी माह्यावर थो शब्द लिवला. यानं नव्वदाची थाप मारली. याच्यावर कोणता लिवता?"

"कंपनीचं माझ्या हातात नाही, मावशी."

"माहंच नाव बरं गावलं हाताले!"

साहेबांनी शब्द खोडला, नव्वद लिहून सही केली. पूनमनं वाचून दाखवल्यावरच सोजराबाईनं आपली वाकडीतिकडी सही ठोकली.

"मावशी, हा कचरा?" साहेबांनी टेबलावरच्या फोडलेल्या बोंडांकडे बोट केलं.

"पीक हाय थे माहं," ती म्हणाली आणि पदर खोचून पायऱ्या उतरली.